सक्युलंटला पाणी जास्त झालंय? मग हा क्रम चुकवू नका

सक्युलंट जास्त पाण्याने खराब व्हायला लागलं की घरोघरी साधारण एकच प्रकार घडतो. पानं सुरकुतलेली दिसतात, म्हणजे तहान लागली असणार, असं समजून आणखी पेलाभर पाणी पडतं. चार दिवसांनी पानं गळायला लागली की झाड उपटून, नवी माती नि शेणखत घालून मोठ्या कुंडीत लावलं जातं. रोप लावलं की लगेच पाणी द्यायचं, ही सवय हाताला असतेच. शेवटी 'ऊन लागलं की तरतरीत होईल' म्हणून कुंडी गच्चीत जाते आणि आठवड्याभरात झाड आडवं होतं.

यातलं बरंचसं जास्वंदीला किंवा तुळशीला चालून गेलं असतं. सक्युलंट मात्र पानांत, खोडात किंवा बुंध्यात पाणी साठवून असतं. मुळं पूर्ण गेली तरी त्या साठ्यावर ते काही आठवडे तग धरतं. म्हणून ते वाचवताना पाणी, खत आणि ऊन ही तिन्ही सर्वांत शेवटी येतात. माझ्या पाहण्यातली बरीच झाडं पाण्याने अर्धमेली झाली होती; ती मेली ती वाचवण्याच्या गडबडीत.

पुढचे टप्पे इचेव्हेरिया, हॉवर्थिया, जेड, कलांचो, कोरफड, स्नेक प्लांट आणि अडेनियम अशा नेहमीच्या घरगुती झाडांसाठी आहेत. जिथे झाडानुसार फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: दुखणं पाण्याचंच आहे ना?

पाणी जास्त झालेलं पान पिवळट आणि बुळबुळीत होतं, उजेडाकडे धरलं तर आरपार दिसतं आणि नुसतं बोट लागलं तरी गळून पडतं. सुरुवात बहुधा खालच्या पानांपासून होते. तहानलेलं पान वेगळं असतं. ते पातळ होतं, त्यावर सुरकुत्या पडतात, पण दाबलं तर चिवट लागतं आणि सहज सुटत नाही.

इथवर सोपं आहे. खरी फसगत पुढच्या अवस्थेत होते. माती फार दिवस ओली राहिली की तिच्यातल्या पोकळ्यांमध्ये हवेऐवजी पाणीच भरून राहतं. वाफसा, म्हणजे मातीत ओलीबरोबर हवाही असण्याची स्थिती, नसल्यामुळे मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती मरतात. मेलेल्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युजेरियम अशा कूज आणणाऱ्या रोगजंतूंचं फावतं. आता मुळंच नाहीत म्हटल्यावर झाड पाणी ओढणार कशाने? मग ओल्या मातीत उभं असूनही त्याची पानं तहानलेल्या झाडासारखीच सुरकुततात. इथेच माणूस पुन्हा पाणी घालतो.

म्हणून नुसत्या पानावरून काही ठरवू नका, पान आणि माती दोन्ही पाहा. पान सुरकुतलेलं आणि माती कोरडी असेल तर एकदा भरपूर पाणी द्या. दोन-तीन दिवसांत पान भरलं तर प्रश्न मिटला. पान सुरकुतलेलं आणि माती ओली असेल तर मुळं गेली आहेत असं धरून चाला. माती कोरडी होती, पाणीही दिलं, तरी आठवड्याने पान तसंच असेल, तर तिथेही मुळांचाच घोटाळा आहे.

तपासा: मातीचा वरचा थर पाहून ओल कळत नाही. कोकोपीट पंख्याखाली वरून कोरडं ठणठणीत होतं आणि तळाला चिंब असतं. बांबूची बारीक काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटं राहू द्या आणि बाहेर काढून गालाला लावा. थंड लागली किंवा तिला माती चिकटली असेल तर आत ओल आहे.

काही लक्षणांनी उगाच घाबरायला होतं. अगदी खालची एक-दोन पानं कागदासारखी वाळणं हे वाढत्या झाडाचं रोजचं काम आहे. खोड लांबलचक होऊन पानं विरळ झाली असतील तर उजेड कमी पडतोय. इचेव्हेरियाच्या पानांवरची पांढरी भुकटी ही बुरशी नाही; ते पानाचं स्वतःचं संरक्षण आहे, पुसू नका. कुंडीभोवती बारीक काळ्या माशा घोंगावत असतील तर मात्र माती सतत ओली राहते आहे, हे नक्की समजा.

टप्पा २: कुठवर गेलंय ते पाहा

सगळ्या झाडांवर एकच उपाय करायचा नसतो. मातीलगतचं खोड अंगठ्याने आणि बोटाने हलकंच दाबून बघा, म्हणजे झाड खालीलपैकी कोणत्या अवस्थेत आहे ते कळेल.

पहिली अवस्था: माती ओली आहे, पण पानं आणि खोड घट्ट आहेत. इथे काही कापायचं नाही. मातीच्या गोळ्यासकट झाड कुंडीतून अलगद बाहेर काढा आणि दोन-तीन दिवस वर्तमानपत्रावर, सावलीत, वारं लागेल असं ठेवा. गोळा वाळला की पुन्हा त्याच कुंडीत बसवा. पाणी आठवड्याने. संपलं काम.

दुसरी अवस्था: खालची पानं बुळबुळीत झाली आहेत, खोड मात्र टणक आहे. कूज मुळांत आहे, अजून वर चढलेली नाही. पुढचे सगळे टप्पे करा. एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही.

तिसरी अवस्था: खोड बुडाशी काळं किंवा मऊ पडलंय, हात लावला की झाड डुलतं. या एकाच अवस्थेत घाई करायची. कूज खोडातून वर सरकत असते आणि ती शेंड्यापाशी पोचली की हाती काही उरत नाही. आजच कापा.

अडेनियमबाबत थोडं सांभाळून. त्याचा फुगीर बुंधा सगळीकडून सारखाच नरम लागत असेल तर त्याचा साठा संपलाय. कारण तहान असेल किंवा मुळं गेली असतील. एकाच जागी बोट आत जातंय, साल सैल झालीय आणि वास येतोय, तर ती कूज आहे.

टप्पा ३: हाताशी काय हवं

दोन प्रकारचं सामान लागतं आणि ते एकाच दिवशी लागत नाही. हे लक्षात आलं की निम्मी धावपळ वाचते.

आज हवं ते: धारदार ब्लेड किंवा कटर, निर्जंतुक करायला सर्जिकल स्पिरिट, कापसाचा बोळा, जुना टूथब्रश, वर्तमानपत्र आणि रबरी हातमोजे. स्वयंपाकघरातली बोथट सुरी नको. ती खोड कापण्याऐवजी चेंगरते आणि चेंगरलेली जागा पुन्हा कुजते.

चार-आठ दिवसांनी हवं ते: कुंडी आणि मिश्रण. झाड वाळत पडलेलं असताना ही तयारी निवांत होते. 'माती आणायची आहे' म्हणून कुजणारं झाड ओल्या कुंडीत तसंच ठेवण्यात अर्थ नाही.

मिश्रणाचं मी वापरतो ते प्रमाण असं आहे: विटांचा चुरा ४ भाग, पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) किंवा धुतलेली जाड वाळू ३ भाग, कोकोपीट २ भाग आणि चाळलेलं गांडूळखत १ भाग. विटा भाजलेल्या लाल मातीच्याच हव्यात. बांधकामावरचे राखाडी, हलके ब्लॉक नकोत. चुऱ्याचे तुकडे ३ ते ६ मिलिमीटरचे ठेवा. रव्याच्या चाळणीतून जेवढं खाली पडेल तेवढं फेकून द्या, कारण हीच भुकटी पुढे तळाशी बसून चिखल करते. वाळू म्हणून क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणली तर ती गढूळ पाणी येणं थांबेपर्यंत धुवा. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत मी गांडूळखत आणखी कमी करतो. विदर्भात उन्हाळ्यात कोकोपीट एखादा भाग वाढवलं तरी चालतं.

बाजारात 'सक्युलंट मिक्स' म्हणून मिळणाऱ्या पिशव्यांत पुष्कळदा कोकोपीटच असतं आणि वरून चिमूटभर पर्लाइट. मूठभर ओलं करून घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर त्यात तेवढाच विटांचा चुरा मिसळायला हवा.

कुंडीला तळाशी भोक हवंच. मातीची कुंडी उत्तम, कारण तिच्या भिंतींतूनही ओल उडते. मुळांचा पसारा कापून कमी होणार आहे, तेव्हा कुंडीही लहान घ्या: मुळांच्या भोवती जेमतेम बोटभर जागा. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती आठवडाभर ओली राहते.

इशारा: तळाशी खड्यांचा थर देऊन निचरा सुधारत नाही. बारीक मिश्रणातलं पाणी जाड खड्यांत सहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडून बसतं, म्हणजे ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे.

टप्पा ४: झाड बाहेर काढणं

झाडाला धरून ओढू नका. कुंडी आडवी करा, बाजूंनी थोपटा, आणि प्लास्टिकची असेल तर दाबून सैल करा. गोळा बाहेर आला की ओली माती बोटांनी मोकळी करा. उरलेली टूथब्रशने झाडा. चिकट कोकोपीट सुटत नसेल तर ते दोन-चार तास वाळू द्या, मग आपोआप भुगा होऊन पडतं. मुळं नळाखाली धुण्याचा मोह होतो, पण जे झाड पाण्यामुळे इथवर आलं त्याला पुन्हा भिजवण्यात काय हशील? अपवाद एकच, तो पुढे येतो.

मुळांच्या मधोमध हात घालून पाहा. नर्सरीतून आलेल्या रोपांना कितीदा तरी आत जाळीची किंवा कागदी पिशवी तशीच असते. रोप लहान असताना ते त्यात वाढवलेलं असतं आणि त्या पिशवीतलं कोकोपीट बाहेरची माती वाळली तरी ओलंच राहतं. ती कात्रीने उभी कापून काढून टाका. पुष्कळ 'कारण नसताना' कुजलेल्या इचेव्हेरियांचं कारण तिथे सापडतं.

आता एकेक मूळ बघा. जिवंत मूळ ताठ असतं आणि ओढलं तर तुटत नाही. रंग झाडागणिक बदलतो: हॉवर्थियाची मुळं जाडसर पांढरी, कोरफडीची पिवळसर, स्नेक प्लांटचा जमिनीतला कंद केशरीकडे झुकणारा. त्यामुळे 'पांढरं तेच चांगलं' असं धरून चांगली मुळं कापू नका. मेलेलं मूळ ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. हॉवर्थियाची मेलेली मुळं पोकळ, चपटी आणि तपकिरी होतात.

तपासा: मुळांवर किंवा कुंडीच्या आतल्या बाजूला कापसासारखे पांढरे ठिपके आहेत का? पर्लाइटचे दाणे कोरडे, खरखरीत असतात. हे ठिपके दाबले की चिरडतात. तो पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. धुण्याचा अपवाद तो इथे: मुळं साबणाच्या पातळ पाण्याने, मग साध्या पाण्याने स्वच्छ धुवा आणि वाळवण्याचा काळ दोन दिवसांनी वाढवा.

टप्पा ५: कापणं

हातमोजे घाला. अडेनियमचा चीक विषारी असतो. शेर किंवा ख्रिस्ताचा काटा अशा युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर त्रास होतो. काम संपेपर्यंत चेहऱ्याला हात लावू नका आणि मुलांना लांब ठेवा.

ब्लेड स्पिरिटने पुसा. आधी मेलेली मुळं काढा, मग बुळबुळीत पानं. पान बाजूला हलवून बुडासकट सुटलं पाहिजे. अर्धवट तुटलेला तुकडा खोडाला राहिला तर तो तिथेच सडतो. ही पानं सरळ कचऱ्यात. त्यांतून नवीन रोप येत नाही.

खोड कुजलेलं असेल तर बुडापासून एकेक सेंटिमीटरच्या चकत्या काढत वर जा. प्रत्येक चकतीचा वरचा काप नीट उजेडात पाहा. कूज वर जाताना बहुधा खोडाच्या मधल्या भागातून जाते, त्यामुळे बाहेरून साल हिरवीगार असली तरी कापात तपकिरी ठिपका किंवा कडं दिसतं. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला तरी आणखी एक चकती. पूर्ण काप एकाच रंगाचा, ताजा आणि टणक दिसला की थांबा, आणि त्यानंतर पुन्हा एक स्वच्छ काप घ्या.

दोन गोष्टी लोक हमखास चुकतात. एक, प्रत्येक कापानंतर ब्लेड पुसत नाहीत, त्यामुळे खालची कूज तेच ब्लेड वरच्या निरोगी भागात पोचवतं. दोन, झाड फार लहान होईल या मायेपोटी एक ठिपका सोडून देतात. ते झाड दोन आठवड्यांनी पुन्हा कापायला लागतं आणि तेव्हा कापायला फारसं काही राहिलेलं नसतं.

बुरशीनाशकाबद्दल. मुळांना पाऊण तास औषधी पाण्यात बुडवून तसंच ओलं लावून टाकणं हा निम्मा उपाय आणि निम्मा अपाय आहे. वापरायचंच तर कोरडी भुकटी कापावर भुरभुरवा. औषध कोणतं तेही पाहा: कार्बेन्डाझिम फ्युजेरियमसारख्या बुरशीवर चालतं, पण पिथियम आणि फायटोफ्थोरा वेगळ्या गटातले आहेत, त्यांच्यावर ते चालत नाही, तिथे मेटॅलॅक्सिल असलेलं औषध लागतं. घरात बसून नेमका कोणता रोग आहे ते कळत नाही, म्हणून मी स्वच्छ काप आणि नीट वाळवणं यांवरच भिस्त ठेवतो. हळद किंवा दालचिनीची पूड चालेल, पण कोरडी आणि फक्त कापावर. हळद पाण्यात कालवून लेप लावला की तीच जागा ओली राहते. चांगल्या मुळांवर दालचिनी नको, ती मुळं सुकवते.

इशारा: ज्या कोरफडीचा गर तोंडाला लावता किंवा पोटात घेता, तिला रासायनिक बुरशीनाशक मुळीच लावू नका.

टप्पा ६: वाळवणं

सगळ्यात जास्त झाडं या टप्प्यावर हातची जातात, कारण इथे काहीच करायचं नसतं आणि ते जमत नाही. कापलेल्या जागेवर खपली धरेपर्यंत झाड मातीबाहेर, पाण्यावाचून ठेवायचं. उघडी जखम ओलसर मातीत गेली की जे कापून काढलं ते पुन्हा आत शिरतं.

जागा कशी हवी? सावली, भरपूर उजेड आणि खेळती हवा. खिडकीपासून हातभर आत, मंद पंख्याच्या वाऱ्यात वर्तमानपत्रावर आडवं ठेवा. इचेव्हेरियासारखं गुलाबाच्या आकाराचं झाड रिकाम्या पेल्याच्या तोंडावर बसवलं तर खोड खाली अधांतरी राहतं आणि सगळीकडून वारा लागतो. थेट ऊन नको. मुळं नसलेलं झाड उन्हात गमावलेलं पाणी भरून काढू शकत नाही आणि पानांवर कायमचे भाजल्याचे डाग पडतात. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवू नका, तिथे हवाच खेळत नाही. हेअर ड्रायरही नको.

किती दिवस? फक्त बारीक मुळं कापली असतील तर उन्हाळ्यात २ ते ३ दिवस. बोटाएवढं जाड खोड कापलं असेल तर ५ ते ७. पावसाळ्यात, विशेषतः जून ते सप्टेंबर किनारपट्टीवर, याच्या दुप्पट वेळ धरा. अडेनियमचा बुंधा कापला असेल तर दोन-तीन आठवडेही लागतात आणि त्याला ते सोसतं. पण हे आकडे अंदाजासाठी आहेत. लावायचं की नाही, ते कापाकडे पाहून ठरवायचं.

तपासा: काप फिकट, कोरडा आणि कडक झालाय का? स्वच्छ टिश्यू पेपर त्यावर दाबा. ओलसर डाग उमटला तर अजून थांबा. काप काळपट पडत चाललाय, आत दबतोय किंवा वास येतोय, तर टप्पा ५ वर परत जा.

या दिवसांत पानं आणखी सुरकुततील आणि झाड मलूल दिसेल. दिसू द्या. पाण्याचा फवारा मारायचा नाही, 'थोडंसं' सुद्धा नाही. काही झाडांना, विशेषतः जेडला, मातीबाहेरच कापाजवळ बारीक गुलाबी-पांढरी मुळं फुटतात. तशी दिसली तर लावायची वेळ झालीच म्हणून समजा.

टप्पा ७: कोरड्यात लावणं

मिश्रण पूर्ण कोरडं हवं. पावसाळ्यात पिशवीतलं मिश्रण दमट असतं, तेव्हा ते परातीत पसरून पंख्याखाली आधी वाळवून घ्या.

कुंडी पाऊण भरा, झाड मध्ये धरा आणि भोवती मिश्रण सोडत जा. कुंडी जमिनीवर दोनदा हलकी आपटली की मुळांमधल्या फटी भरतात. अंगठ्याने ठेचून घट्ट करू नका. झाडाची सर्वांत खालची पानं मातीच्या वर असली पाहिजेत. पानं मातीत दबली की पहिल्याच पाण्याला ती सडतात आणि कूज परत खोडात. खोड आखूड उरलं असेल तर खालची दोन-तीन पानं काढून दोन सेंटिमीटर खोड मोकळं करा, काढलेल्या जागा एक दिवस वाळू द्या आणि मग लावा.

मुळं नसल्याने झाड डगमगत असेल तर दोन काड्यांचा आधार द्या किंवा वर खड्यांचा एक थर पसरा. खडे वर चालतात, तळाशी नाहीत.

आणि आता सवयीविरुद्ध: पाणी घालायचं नाही. काढताना, लावताना मुळांना बारीक जखमा होतातच, त्या सुकायला वेळ हवा. कुंडी भरपूर उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा. घरात रोज सकाळी तुळशीला पाणी घालून तांब्यात उरलेलं शेजारच्या कुंडीत ओतणारं कुणी असेल, तर ही कुंडी त्या रांगेत ठेवूच नका. चिठ्ठी लावून उपयोग होत नाही.

टप्पा ८: पहिलं पाणी

मुळं थोडीतरी शिल्लक असतील तर लावल्यावर ५ ते ७ दिवसांनी आणि मुळं मुळीच नसतील तर १० ते १४ दिवसांनी. पहिल्या वेळी कुंडीच्या कडेकडेने थोडंसंच पाणी द्या, बुंध्यावर नको. छोट्या, १० सेंटिमीटरच्या कुंडीला साधारण चार-पाच मोठे चमचे पुरेत. ओल लागली की मुळं तिच्या दिशेने वाढतात. मिश्रण पूर्ण वाळलं की दुसऱ्यांदा तितकंच.

मुळं धरली का, हे बघायला तीन-चार आठवड्यांनी झाड अगदी हलकं वर उचलून पाहा. मातीने धरून ठेवलं तर मुळं आलीत. सहज वर आलं तर लगेच सगळं उपसू नका. बूड पाहा, टणक आणि स्वच्छ असेल तर परत तसंच ठेवा. पानं वरून घट्ट व्हायला लागणं आणि मधून नवी बारीक पानं येणं ही त्याहून चांगली खूण. खालची जुनी पानं या काळात सुकून जातील, कारण झाड त्यांतलं पाणी वापरून मुळं बनवतं.

मुळं धरल्यानंतरच नेहमीची पद्धत सुरू करा: पाणी देताना भोकातून वाहेपर्यंत द्यायचं, अर्ध्या तासाने खालच्या बशीतलं ओतून द्यायचं आणि काडी तळापर्यंत कोरडी येईस्तोवर पुन्हा द्यायचं नाही. रोज चमचाभर पाणी देणं याच्या नेमकं उलट आहे. त्यात माती कधीच पूर्ण भिजत नाही आणि कधीच पूर्ण वाळत नाही. ऊन हळूहळू वाढवा: आधी सकाळचं तासभर, मग दर तीन-चार दिवसांनी थोडं जास्त. खत दोन महिने तरी नाही.

इशारा: इचेव्हेरियाच्या मधोमध पाणी साचलं तर फुंकून किंवा टिश्यूने टिपून काढा. रात्रभर साचलेलं पाणी मधला कोंब सडवतं.

खोड हाताला लागलंच नाही तर

सगळं खोड कुजलेलं निघालं तरी काही झाडांत एक वाट उरते.

इचेव्हेरिया: वरची घट्ट, निरोगी पानं बुडासकट काढा, २ ते ३ दिवस वाळवा आणि कोरड्या मिश्रणावर नुसती ठेवा, पुरू नका. मुळं दिसू लागल्यावर त्यांच्या जवळपास पाण्याचा फवारा मारा. सगळी येत नाहीत, म्हणून आठ-दहा ठेवा. जेडचं पानही असंच चालतं, पण फांदीचा ८ ते १० सेंटिमीटरचा शेंडा मिळाला तर तोच लावा, वेळ खूप वाचतो.

स्नेक प्लांट: पानाचे ७-८ सेंटिमीटरचे तुकडे करा, वाळवा आणि उभे खोचा. वरची बाजू वर आणि खालची खालीच हवी, उलटा तुकडा मुळं धरत नाही. म्हणून कापतानाच पेनाने खूण करा. नवा फुटवा यायला काही महिने लागतात. पिवळ्या कडांच्या जातीचं पान लावलं तर नवीन रोप पूर्ण हिरवं येतं. कडा टिकवायच्या तर कंदाचा चांगला तुकडाच हवा.

कोरफड: तिचं पान मातीत खोचून रोप येत नाही, ते तिथे सडतं. हा गैरसमज फार पसरलेला आहे. भोवतीची पिल्लं सुटी करून वाळवा आणि लावा. पिल्लं नसतील तर पानांच्या बुडाशी खोडाचा निरोगी तुकडा सापडतोय का ते पाहा. तेवढा असला तरी मुळं येतात.

हॉवर्थिया: पानांवरून क्वचित येतं. पिल्लावर आशा ठेवा.

जुनी माती आणि कुंडी

कुजलेल्या झाडाची माती दुसऱ्या सक्युलंटला वापरू नका. ती काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत किंचित ओली करून, तोंड बांधून, एप्रिल-मेच्या कडक उन्हात ४ ते ६ आठवडे तापू द्या. मग अळू किंवा कर्दळीसारख्या ओल सोसणाऱ्या झाडांच्या कुंडीत मिसळता येते. पावसाळा असेल तर सरळ टाकून द्या. कुंडी साबणाने घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात अर्धा तास बुडवून, स्वच्छ धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. मातीची कुंडी हे द्रावण शोषून घेते, म्हणून ती नंतर एक दिवस साध्या पाण्यात ठेवा आणि मगच वाळवा.